सातव्या घरातली देवी

ही गोष्ट फार पूर्वीची म्हणावी तर तितकी जुनी नाही, आणि कालची म्हणावी तर ती डोळ्यांनी पाहिलेल्या बायकांचे केस आता पिकले आहेत. आफ्रिकेच्या पश्चिमेला योरुबा लोकांचा मुलूख आहे. तिथल्या एका नदीकाठच्या गावात एक रंगारीण राहत होती. तिचं नाव अयोका. तिकडे आईला आणि आईच्या मानाच्या बाईला ‘इया’ म्हणतात, म्हणून गाव तिला इया अयोका म्हणे. तिच्या अंगणात निळीचे नऊ रांजण होते, चौदा बायका कामाला होत्या, आणि चौदाही तिला घाबरत.

त्यांचं काम असं चाले. ज्या कंदाचा आपण साबुदाणा खातो, त्याच कंदाच्या पिठाची तुरटी घालून खळ शिजवायची. कोंबडीचं पीस त्या खळीत बुडवून पांढऱ्या कापडावर चित्र काढायचं आणि ते उन्हात वाळू द्यायचं. मग कापड निळीच्या रांजणात सोडायचं. बाहेर काढलं की ते हिरवट दिसतं, वारा लागला की निळं होतं. असं पाच-सहा वेळा करायचं. शेवटी वाळलेली खळ खरवडून काढली, की खळ होती तिथे फिकं चित्र उरतं आणि बाकी सगळं निळं. या कापडाला आदिरे म्हणतात. खळ ओली आहे तोवर पाण्याने धुऊन टाकता येते, एवढं फक्त ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

इयाच्या अंगणातलं नावाजलेलं कापड म्हणजे सोळा घरांचं कापड. चार ओळी, दर ओळीत चार चौकोन. चौकोनाला त्या ‘घर’ म्हणत. पहिल्या घरात बेडूक, दुसऱ्यात सरडा, तिसऱ्यात कंदाचं पाच बोटांचं पान, मग फणी, मग कमरेची मण्यांची माळ, असं करत पंधरा घरं भरलेली आणि सोळावं रिकामं, नुसतं निळं. ते रिकामं का, हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण चार पिढ्या ते इमानाने रिकामं काढत आल्या होत्या.

आणि सातव्या घरात देवी होती.

म्हणजे देवी आहे असं सगळे म्हणत. चित्रात डावीकडे एक वेडंवाकडं वर्तुळ होतं. त्यातून निघालेला एक जाड, वाकलेला हात. हाताच्या टोकाला खाली उतरणारी बारीक नागमोडी रेघ. आणि सगळ्याच्या खाली एक आडवा पट्टा. वर्तुळ म्हणजे चंद्र, हात आशीर्वादाचा, रेघ म्हणजे पाऊस आणि पट्टा म्हणजे पृथ्वी, असा अर्थ इया सांगे. तिला तो तिच्या आईने सांगितला होता. गावातल्या नव्या नवऱ्या लग्नाच्या दिवशी सातव्या घरावर हात ठेवत. भांडण मिटवताना शपथ तिथेच घेत. इयाचा मुलगा लहानपणी तापाने फणफणला होता, तेव्हा तिनेही त्या घरावर डोकं टेकून रात्र काढली होती.

बाकीची साधी कापडं अंगणातल्या कुणीही काढावीत, बांधणीची कुणीही बांधावीत. सोळा घरांचं कापड मात्र अंगण चालवणाऱ्या थोरलीनेच काढायचं. आणि रीत अशी, की तिचा हात थकल्याशिवाय ते कुणाला शिकवायचं नाही. हात थकला की तिने दोघींना शेजारी बसवायचं, दोन वर्षं शिकवायचं, आणि रांजणांच्या सणाला एकीच्या हातात आपलं पीस द्यायचं. पीस पुढे गेलं नाही, तर नऊच्या नऊ रांजण पालथे घालायचे आणि चौदा बायकांनी दुसरीकडे काम बघायचं.

इयाचा हात थकला होता. हातात वाटी घेतली की वाटीतलं पाणी थरथरे. म्हणून दोन वर्षांपासून तिच्या उजव्या हाताला तिची भाची मोरेनिके बसे आणि डाव्या हाताला धाकटी सून अशाबी.

मोरेनिके शांत, नीटनेटकी, आणि इया शिंकली तरी ‘बरोबर’ म्हणणारी. अशाबी शेतकऱ्याघरची. तिने लहानपणी बाजारात हेच सोळा घरांचं कापड पाहिलं होतं, पहिल्या घरातला बेडूक पाहून ती जागची हलली नव्हती, आईने ओढत नेलं होतं. हे काढणाऱ्या घरात आपण जायचं, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं. लग्न जमलं तेव्हा नवऱ्यापेक्षा रांजणांची चौकशी तिने जास्त केली, असं तिच्या माहेरचे सांगत. थोडक्यात, ते पीस आपल्या हातात यावं यापलीकडे तिला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

तिची एकच खोड होती. ती विचारायची.

“इया, हे सातव्या घरातलं नक्की काय आहे?”

“देवी.”

“मग तिला डोकं का नाही?”

“देवीला तुझ्यासारखं डोकं लागत नाही. जसं आहे तसं काढ.”

अशाबी काढायला बसे. बेडूक झकास येई, पान झकास येई. सातव्या घराशी आली की हात अडे. चंद्र म्हणावा तर तो इतका कडेला का, हात म्हणावा तर त्याला बोटं का नाहीत, हे तिच्या मनातून जाईना.

सणाला आठ दिवस राहिले होते. इयाने दोघींना एकेक कोरं कापड दिलं. “आता माझ्याशिवाय काढा. जिचं माझ्यासारखं येईल, तिला पीस.”

त्याच सुमारास गावात हातपंप आला होता. तोवर निळीच्या रांजणांना, त्यात घालायच्या राखेला, सगळ्याला नदीवरून पाणी आणावं लागे. आता चौकात दांडा हलवला की पाणी. गावातल्या बायका पहिल्या दिवशी उगाचच चार-चार घागरी भरून घेऊन गेल्या. अशाबी सहा भरून आली.

आणि सातव्या घराशी येऊन हात अडला तेव्हा तिने पीस उचललं आणि त्या घरात हातपंप काढला.

इयाने कापड पाहिलं. तिने सातव्या घरावर बोट टेकवलं.

“देवी कुठे आहे?”

“इया, जे मला ओळखू येत नाही ते माझा हात काढत नाही. पंप ओळखू येतो. त्याने माझी पाठ वाचवली. मला वाटलं, देवीच्या जागी तो चालेल.”

“तुला वाटलं!” इया म्हणाली. “माझ्या पणजीने घातलेलं घर आहे ते. आजीने राखलं, आईने राखलं, मी राखलं. आणि तू आलीस ती पंप घेऊन!”

तिने अशाबीच्या हातातलं पीस काढून घेतलं. जिच्या हातातून एकदा पीस काढून घेतलं तिला पुन्हा पीस देत नाहीत, हीही रीतच. अशाबीने यापुढे नदीवर कापडं धुवायची, असं ठरलं. पहिलं काम तिला लगेच मिळालं. खळ अजून ओली होती. आपण काढलेला पंप तिने नदीवर नेऊन आपल्याच हातांनी धुऊन टाकला. पांढरं कापड पुन्हा कोरं झालं, आणि ते पिळताना ती हमसून हमसून रडली.

आता राहिली मोरेनिके. तिने पाच दिवस खपून कापड काढलं, रांजणातून सहा वेळा काढलं, वाळवलं, खरवडलं, आणि सणाच्या दोन दिवस आधी अंगणातल्या दोरीवर टाकलं. बायका जमल्या. “इयाच्या हातचंच!” एकजण म्हणाली. “शेजारी शेजारी ठेवलं तर इयालाही कळायचं नाही.” मोरेनिके खाली बघून हसत होती.

इया जवळ गेली. खरंच, काडीचा फरक नव्हता. पण फणीपाशी येऊन ती थांबली. फणीच्या दातांच्या रेघा सरळ नव्हत्या. प्रत्येक दात बारीकसा थरथरत खाली उतरला होता.

“हे असं का ग?” तिने विचारलं. “तुझा हात तर चांगला आहे.”

मोरेनिकेचा चेहरा उजळला. हे कुणीतरी विचारावं म्हणून ती वाटच बघत होती. “इया, तुमच्या रेघेला अशी लाट असते ना, ती आणलीय. सगळ्यात अवघड तीच होती. दोन वर्षं लागली मला ती बसवायला.”

बायकांनी कौतुकाने माना डोलावल्या. इयाने आपला उजवा हात पदराखाली घेतला आणि ती घरात निघून गेली.

देवघर म्हणावं अशी त्या घरात एक खोली होती. तिथे एका जुन्या रांजणावर चार कापडं घडी करून ठेवलेली होती. दर थोरलीने पीस हातात आल्यावर काढलेलं पहिलं कापड तिथे ठेवायचं, आधीच्यांच्या वर. घडी मोडायची नाही. घडी मोडली तर अंगण मोडतं, असं म्हणत. इयाने दार लावून घेतलं आणि पहिली घडी मोडली.

वरचं कापड तिचं स्वतःचं होतं, तिशीतलं. त्या वेळी तिचा हात दगडासारखा स्थिर होता. तरी फणीचे दात थरथरत होते. तिला आठवलं, आईच्या रेघेतली ती लाट तिनेही अशीच मेहनतीने उचलली होती, आणि बायकांनी तेव्हाही माना डोलावल्या होत्या.

त्याखाली आईचं कापड. थरथर थोडी कमी. त्याखाली आजीचं. अजून कमी. दर थोरलीने शिकवलं ते हात थकल्यावर, आणि दर शिकणारीने त्या थकव्यासकट गिरवलं, असं ते होतं. बेडूक मात्र चारही कापडांवर ठणठणीत होता. बेडूक अंगणात रोज दिसे, त्यामुळे हात बिघडला तरी डोळा तो सुधारून घेई. पानाचंही तेच.

सगळ्यात खाली पणजीचं कापड. इयाने ते उलगडलं आणि सातव्या घराकडे पाहिलं.

ते शिलाई मशीन होतं.

हाताने फिरवायचं, लहानसं, जुन्या पद्धतीचं. चंद्र म्हणजे त्याचं चाक, मुठीसकट. आशीर्वादाचा हात म्हणजे मशीनची वाकलेली मान. पाऊस म्हणजे सुई, तिच्यात दोरा ओवलेला, आणि दोऱ्याचं रीळ वर. पृथ्वी म्हणजे खालची लाकडी फळी. पणजीने फळीवरचे दोन स्क्रूसुद्धा काढले होते, खाचेसकट.

इयाने कापड उजेडाकडे धरून पुन्हा पाहिलं. आपण ज्याच्यावर डोकं टेकून रात्र काढली ते मशीन होतं, हे तिला आधी हसू येण्यासारखं वाटलं आणि मग रडू आलं. तिने चारही कापडांच्या घड्या पुन्हा जशाच्या तशा घातल्या. तिच्याशिवाय हे कुणी पाहिलं नव्हतं. दोन दिवसांनी मोरेनिकेच्या हातात पीस द्यायचं आणि गप्प बसायचं, इतकं सोपं होतं. देवी देवीच राहिली असती. इयाची इभ्रतही राहिली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारात शिंप्याकडे गेली. आदिरेचं एक कापड दोन पट्टे जोडून तयार होतं; सोबत आणलेले दोन पट्टे जोडून हवेत असं सांगून ती समोरच्या बाकावर बसली. शिंपी कामाला लागला. सुई वरखाली होऊ लागली, दोन पट्टे एक होऊ लागले. इया एकटक बघत होती. थोड्या वेळाने शिंपी चुळबुळायला लागला.

“इया, शिलाई वाकडी जातेय का?”

“नाही रे. तू चालू दे. मी बघतेय.”

पट्टे हाताने जोडायला दोन दिवस जात, हे ती आजीकडून ऐकून होती. पणजीच्या काळात गावात पहिलं मशीन आलं असेल, तेव्हा ते दोन दिवस वाचले असतील. पणजीने ते बघितलं असेल, तिला आनंद झाला असेल, आणि तिने पीस उचललं असेल. त्या दिवशी आपण अशाबीला नदीवर धुवायला लावलं ते काय होतं, हे इयाला त्या बाकावर बसून कळलं. शिंप्याने कापड पुढे केलं तेव्हा म्हातारी डोळे पुसत होती. तो बिचारा शिलाई उसवून पुन्हा घालायला निघाला होता.

सणाचा दिवस उजाडला. रांजणांना चुन्याचे ठिपके दिले होते. चौदा बायका निळी कापडं नेसून बसल्या होत्या, गावातल्याही आल्या होत्या. मोरेनिके सगळ्यांत पुढे. अशाबी मागे, धुण्याच्या टोपल्यांपाशी, कारण आता तिची जागा ती होती. इया घरातून आली ती पणजीचं कापड घेऊनच. घडी मोडलेली पाहून दोघी-तिघी उठून उभ्या राहिल्या.

इयाने कापड सगळ्यांसमोर पसरलं. “सातवं घर बघा,” ती म्हणाली.

बायकांनी पाहिलं. मागून एक लहान मुलगी म्हणाली, “मशीन!” आणि तिच्या आईने तिच्या तोंडावर हात ठेवला.

“ठेवू नको हात,” इया म्हणाली. “मशीनच आहे. देवी नव्हती. माझ्या पणजीने मशीन काढलं. आजीने ते तिच्या थरथरत्या हातावरून उचललं, आईने आजीच्या, मी आईच्या. होता होता देवी झाली. तुम्हाला अर्थ सांगितला तो मी. चूक माझी आहे.”

एक फार म्हातारी बाई काठी टेकत उठली. “म्हणजे? माझ्या सहाही मुलांची नावं मी त्या घरावर हात ठेवून ठेवली!”

“मुलं चांगली निघाली ना?”

म्हातारीने विचार केला. “चार निघाली,” ती म्हणाली आणि खाली बसली. कुणाला तरी हसू फुटलं, मग सगळ्यांनाच.

मोरेनिके हसली नाही. “इया, मग माझं काय चुकलं? तुम्ही सांगितलं तसंच काढलं मी. रेघ न् रेघ.”

“तुझं काही चुकलं नाही पोरी,” इया म्हणाली. “मी तुला रेघ दाखवली. ती कशाची आहे ते दाखवलं नाही, मलाच माहीत नव्हतं. विचारलं होतं ते मागे बसलीय तिने. अशाबी, पुढे ये.”

अशाबी ओल्या हातांनी पुढे आली. इयाने कमरेला खोचलेलं आपलं पीस काढलं. जिच्या हातातून एकदा काढून घेतलं तिला पुन्हा पीस देत नाहीत, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं, आणि इयाला सगळ्यांत जास्त. तिने ते पुढे केलं. हात भयंकर थरथरत होता आणि या वेळी तिने तो लपवला नाही.

“तुझा पंप काढ. सोळाव्या घरात. पणजीनेही ते घर रिकामंच ठेवलंय. का ते तिने लिहून ठेवलं नाही, पण ते कायम रिकामं ठेवा असंही कुठे म्हटलेलं नाही.”

कोरं कापड अंथरलं गेलं. कुणीतरी खळीची वाटी आणून ठेवली. सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. अशाबीने पीस खळीत बुडवलं, कापडावर धरलं, आणि तिथेच थांबली.

“काय झालं?” इयाने विचारलं.

“इया, मला नीट आठवत नाहीय. दांडा कुठे वाकलाय ते.”

“अगं, अंदाजाने काढ. सगळा गाव बसलाय.”

आयुष्यभर जे मागितलं ते हातात आलं होतं, आणि जरा उशीर केला तर बायकांचं मन बदलायला वेळ लागणार नव्हता. पुढे बसलेल्या दोघी-तिघींनी नाकं मुरडलीच होती. अशाबीने पीस वाटीवर आडवं ठेवलं.

“बघून येते,” ती म्हणाली आणि उठून चौकाकडे चालू लागली.

सण थांबला. चौदा बायका, गावातल्या बायका, सगळ्या कोऱ्या कापडाभोवती बसून राहिल्या. खळीवर साय धरायला लागली. “अशा सुनेला पीस देणार का?” असं कुणीतरी बोललं. इयाने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. ती पणजीच्या कापडावरचे दोन स्क्रू बघत बसली होती.

अशाबी आली तेव्हा तिचे पाय घोट्यापर्यंत चिखलाने भरले होते. ती सरळ खाली बसली आणि काढू लागली. खांब आला, नळी आली, दांडा आला, मध्ये किंचित डावीकडे झुकलेला, कारण तो बसवताना कामगारांनी तसाच बसवला होता. खाली सांडलेल्या पाण्याचं डबकं आलं. आणि डबक्यात बेडूक. पहिल्या घरातला तोच बेडूक, फक्त हा पाण्यात बसला होता.

“अगं बाई, हाच तो!” एकजण ओरडली. “असाच बसतो, मेला, पायाशी येतो.”

“दांडा बघ, डावीकडे!”

नाकं मुरडलेल्या बायकाही वाकून बघू लागल्या. पंप आपल्या गावाचा आहे हे प्रत्येकीला ओळखू येत होतं. इयाने पीस उचलून अशाबीच्या कमरेला खोचलं. रांजण उताणेच राहिले.

मोरेनिके एक अख्खा मोसम कुणाशी धड बोलली नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. मग एक दिवस ती कुणाला न सांगता शिंप्याच्या बाकावर जाऊन बसली. तीन दिवस बसली. शिंप्याला आता सवय झाली होती. परत येऊन तिने सातव्या घरात मशीन काढलं. मुद्दाम थरथर काढू शकणारा हात किती स्थिर असला पाहिजे, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. खरं सांगायचं तर तिचं मशीन अशाबीच्या मशीनपेक्षा सरस होतं. तेव्हापासून सातवं घर मोरेनिकेच काढत आली. नव्या नवऱ्या अजूनही त्या घरावर हात ठेवतात. मशीन आहे हे त्यांना माहीत असतं. संसार म्हणजे दोन पट्टे जोडणंच, असं कुणीतरी त्यांना सांगून ठेवलं आहे.

अशाबीने रांजणावर ठेवायचं आपलं पहिलं कापड काढलं, तेव्हा घरं जरा लहान केली आणि खाली एक ओळ वाढवली. चार नवी घरं, चारही रिकामी.

“एक पुरलं असतं,” इया म्हणाली. बोलायची सवय थोडीच जाते.

“मागून येणाऱ्यांना नको का जागा?” अशाबी म्हणाली.

पुढे इया अयोका गेली. बरीच वर्षं लोटली. अशाबीचे केस पांढरे झाले आणि लोक तिला इया अशाबी म्हणू लागले. मात्र हात थकायची वाट तिने पाहिली नव्हती. हात धड असतानाच तिने मोरेनिकेच्या मुलीला शेजारी बसवलं होतं.

एक दिवस ती मुलगी विसाव्या घरात काहीतरी काढत बसली होती. अशाबीने डोकावून पाहिलं. एक उभा चौकोन. त्याला ना मान, ना दांडा, ना पान, ना पाय. इतकं रूक्ष चित्र तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

“हे काय?”

“मोबाईल आहे, इया.”

बेडकाच्या, पानाच्या, पणजीच्या मशीनच्या पंगतीला हे! अशाबीचा हात आपोआप पुढे झाला, मुलीच्या हातातल्या पिसाकडे. पीस ओढून घ्यायचं आणि खळ ओली आहे तोवर कापड नदीवर पाठवायचं, हे सगळं तिच्या हाताला ठाऊक होतं. हात अर्ध्या वाटेत थांबला.

“बघून काढलंस का?” तिने विचारलं.

मुलीने कमरेला खोचलेला मोबाईल काढून तिच्या तळहातावर ठेवला. “आई बाजाराला गेली की यावरच बोलते माझ्याशी.”

अशाबीने तो उन्हात धरला. उलटा केला, सुलटा केला. काचेला एक तडा गेला होता, तो बोटाने चाचपला. पाठीमागचा गोल डोळा पाहिला. बराच वेळ ती बघत राहिली. मुलगी घाबरून बसली होती.

मग अशाबी कापडावर वाकली.

“हा कोपरा टोकदार काढलायस,” ती म्हणाली. “तो गोल आहे. आणि काचेचा तडा कुठाय? खळ ओली आहे तोवर नीट कर.”

तात्पर्य: जुन्यांकडून त्यांची रेघ घ्यावी, पण ती काढताना त्यांनी काय पाहिलं होतं तेही विचारून घ्यावं. नाहीतर त्यांच्या हाताची थरथर तेवढी आपल्या वाट्याला येते.